फुटक्या तलावावर अक्कासोबत

अक्काला कायमचं नांदेडला आणायचं ठरलं, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. गाव सोडायच्या आधी तिला फुटका तलाव बघायचा होता.

अक्का माझी थोरली बहीण. हिमायतनगरच्या पुढे जिथे डोंगर सुरू होतात, तिथल्या एका लहान गावात ती दिलेली. दाजी जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक लेक धर्माबादला नांदते. शेत धाकटा दीर करतो, त्याचं घर तिच्या घराला लागूनच. दाजी गेल्यापासून ती त्या घरात एकटी राहत होती. ‘एकटी’ हा शब्द मी वापरतो खरा, पण गेलं वर्षभर तिथे नेमकं काय चाललं होतं ते सांगायचं, तर तलावापासूनच सुरुवात करावी लागेल.

गावाच्या वर, दोन डोंगरांच्या बेचक्यात, सरकारने बांधलेला साठवण तलाव होता. तो व्हावा म्हणून दाजींनी ऑफिसांचे उंबरे झिजवले. त्यात त्यांचंच वरचं शेत बुडालं, तरी माणूस खूश होता. तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, की त्या गावात त्याची ओटी भरतात. सांडवा म्हणजे भिंतीच्या कडेला डोंगर खोदून ठेवलेली मोकळी वाट. जास्तीचं पाणी भिंतीवरून न जाता तिथून निघून जावं म्हणून. भरलेला तलाव म्हणजे भरल्या पोटाची बाई असं मानतात आणि त्याला आई म्हणतात. बायका खण, नारळ, हिरव्या बांगड्या, तांदूळ घेऊन भिंतीवर जातात आणि ते पाण्यात सोडतात. ओटी भरायचा मान अर्थातच सवाष्णीचा.

दोन पावसाळ्यांपूर्वी तलाव भरला तेव्हा मी गणपतीसाठी गावात होतो. पारावर बैठक बसली होती. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, त्यामुळे गावात गेलो की मला दोन शब्द बोलायला लावतात. मी बोललो. ज्या माणसाने हा तलाव आणला, त्याच्या बायकोने ओटी भरायची नाही, हा कुठला न्याय, असं म्हणालो. कपाळाला कुंकू नाही म्हणून हात अपवित्र होतो का, असं विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांच्या बायकोने आपलं ओटीचं ताट अक्कासाठी पुढे केलं.

अक्का मात्र घरात तोंड फिरवून बसली. “नको भाऊ. कशाला उगं लोकायच्या डोळ्यावर यायचं?”

मी ऐकलं नाही. तिचा दंड धरून तिला भिंतीवर नेलं. तिने ओटी सोडली. मी फोटो काढला, स्टेटसला ठेवला. कॉलेजातल्या लोकांनी अंगठे आणि जोडलेले हात पाठवले. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला परतलो.

त्यानंतर काही दिवसांतच डोंगरावर ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि भरदुपारी तलाव फुटला. माणूस कोणी गेलं नाही, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. पण नाल्याकाठी बांधलेल्या म्हशी गेल्या. खालच्या शेतांतली काळी माती खरडून गेली, तळचा खडक उघडा पडला. ज्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-कापूस घेतला, तिथे आता गोटे आहेत.

पंचनामे झाले, साहेब लोक येऊन गेले. गावाने मात्र आपला निकाल त्याआधीच लावला होता. “पांढऱ्या कपाळाची ओटी आईनं घेतली न्हाई.” आधी कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, मग सगळेच म्हणू लागले. अक्काला लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली. गिरणीत तिने डबा ठेवला की बायका आपापला डबा बाजूला सरकवू लागल्या. ती सकाळी दाराशी दिसली तर शेतावर निघालेला माणूस परत घरात जाऊन पाणी पिऊन निघायचा. हे सगळं ती मला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगायची. शेवटी हमखास म्हणायची, “माझा हातच तसला आसंल रे.”

आणि मी हमखास सांगायचो, “अक्का, तलाव ओटीने फुटत नसतात. मी भूगोल शिकवतो, मला कळतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

फोनवरच सांगायचो. तलाव फुटल्यापासून मी गावात गेलो नव्हतो. परीक्षा, मुलीचं लग्न, घराचं रंगकाम. कारणं खरी होती. पण खरी कारणं असली तरी माणूस जायचं टाळू शकतो.

संक्रांत झाल्यावर तिला आणायला गाडी घेऊन गेलो. मला वाटलं होतं, सकाळी पोचायचं, सामान टाकायचं, दुपारी निघायचं. तर तिने तलावाचं काढलं.

“गुडघे दुखतात ना तुझे,” मी म्हणालो. “आणि नाल्याकाठचा गाडीरस्ता तर वाहून गेलाय म्हणतेस.”

“डोंगरावरून पायवाट हाय की. तुझे दाजी हयात होते तवा त्याच वाटंनं जायचे.”

“काय बघायचंय तिथे?”

“बघायचंय,” ती म्हणाली. चपला घातल्या, पदर खोचला, आणि निघालीसुद्धा.

पायवाट गावामागून सुरू होते. सुरुवातीला बोडका मुरमाड चढ, मग पळस आणि सागाची विरळ झाडी. सागाची पानं गळून वाळली होती आणि पाय पडला की मोठ्याने चुरचुरत होती. अक्का काठी टेकत पुढे, मी पाण्याची बाटली घेऊन मागे. ती मध्येच थांबायची, श्वास घ्यायची, माझ्याकडे बघून हसायची. “प्रोफेसर, दम लागला व्हय?” मला खरंच लागला होता.

पहिल्या टेपाडावर एक बाई सरपणाचा भारा बांधत होती. अक्काच्या आळीतलीच, ओटी भरली त्या दिवशी अक्काच्या हातात नारळ देणारी. आम्हाला बघून तिने दोरीची गाठ ओढली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “का हो आक्का, कुठं निघालाव?”

“तलावाकडं.”

“आता काय ऱ्हायलंय तिथं? आनिक ओटी भरायची हाय का?”

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. फोनवर ऐकणं निराळं. समोर ती बाई, हातात दोरी, चेहऱ्यावर राग नाही, द्वेष नाही. गंमत केल्यासारखा आवाज. मी काही बोलणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, “न्हाई बाई. खण संपलेत माझ्याकडचे. तुझ्याकडं आसला तर दे.”

बाईने भारा डोक्यावर घेतला आणि उतरून गेली. अक्का पुन्हा चालू लागली. मला तिच्या मागे जायला थोडा वेळ लागला.

“हे असं रोज?” मी विचारलं.

“रोज काय. ही बरी हाय, बोलते तरी.” चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, “तुला सांगू का भाऊ, ह्या वर्षात मी दोनदा गावच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसले. पन तुझा फोन आठवायचा. सगळं गाव एकीकडं आन् तू एकीकडं. मनलं, शिकलेला मानूस हाय, भूगोल शिकिवतो, तो सांगून ऱ्हायला की तुझा दोष न्हाई, मंजी नसंलच. तेवढ्यावर जगले बघ.”

आपल्या बोलण्यावर कोणी जगलंय हे ऐकून माणसाला छाती फुगल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. ते मी लपवत नाही.

डोंगराच्या धारेवर पोचलो आणि खाली बघितलं.

मी त्या बेचक्यात पाणी पाहिलं होतं. भिंतीला टेकून उभं राहिलेलं, डोंगराची सावली अंगावर घेतलेलं, लांबपर्यंत गेलेलं. त्या जागी एक मोठा करडा खड्डा होता आणि त्याच्या तोंडाशी भिंत मधोमध मोडलेली होती. भाकरी मोडावी तशी. दोन्हीकडचे तुकडे उभे, मधला गायब. मोडलेल्या जागी भिंतीचं आतलं अंग दिसत होतं: बाहेरून तांबडा मुरूम, मध्ये काळ्या मातीचा जाड पट्टा. भिंतीच्या आत काय असतं ते मी फळ्यावर खडूने कितीतरी वेळा काढून दाखवलंय. प्रत्यक्षात ते दिसता कामा नये, हे मात्र मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. एखाद्या ओळखीच्या माणसाच्या पोटातलं बाहेर आलेलं बघावं तसं झालं. मी खाली बसलो.

भिंतीवर रचलेले दगड नाल्यातून लांबवर विखुरले होते. काही तर बैलगाडीएवढे. त्यांना पाण्याने कुठल्या कुठे नेऊन टाकलं होतं. एक सागाचं झाड मुळं वर करून उलटं रुतलं होतं. पाणी सोडायची सिमेंटची गोल विहीर कोरड्या तळात एकटीच उभी होती, तिची लोखंडी शिडी अर्धी तुटून लोंबत होती. आणि या सगळ्याच्या मध्ये, तळातल्या ओलसर गाळात, कोणीतरी हरभरा पेरला होता. हिरवागार, घाट्यांनी लगडलेला.

“आगं आई,” अक्का म्हणाली. एवढंच.

आम्ही खाली उतरलो. गाळाला भेगा पडल्या होत्या, त्यांत काठी आत जायची. अक्का एका ठिकाणी थांबली. जमिनीतून दगडी बांधकामाचा गोल काठ वर आला होता.

“ही आपली विहीर,” ती म्हणाली. “वरच्या शेतातली. मी लग्न होऊन आले तवा हिच्यावर मोट होती. ही बघ, ही दोराची खाच.” तिने दगडावर बोट फिरवलं. “मला वाटलं होतं, पुन्हा कधी दिसनार न्हाई.”

ती त्या काठावर बसली. चेहऱ्यावर दुःख होतं असं म्हणता येणार नाही. सासरच्या पहिल्या वर्षाच्या गोष्टी सांगत होती. दाजी मोट हाकताना गाणी म्हणायचे आणि सासरे ओरडायचे, असं काहीबाही. ऊन चढत होतं. सावली शोधावी म्हणून मी उठलो. पलीकडच्या कडेला, डोंगराच्या पोटाशी, सांडव्याची खोदलेली वाट होती. तिथे खडकाची सावली दिसत होती. भिंतीच्या या टोकापासून ती जागा लांब, डोंगराच्या वळणाआड. ओटी भरली तेव्हा आम्ही कोणी तिकडे गेलो नव्हतो. घसरडं आहे, बायकांनी तिकडे जाऊ नये, असं गावातल्या माणसांनी सांगितल्याचं आठवतं.

वळणावरून पुढे गेलो आणि सांडव्यात पाय टाकणार तर तिथे वाटच नव्हती.

सांडव्याच्या दोन्ही खडकांच्या मध्ये सागाच्या बल्ल्या आडव्या-उभ्या ठोकलेल्या होत्या. त्यांना मासे धरायची नायलॉनची जाळी बांधलेली, जाड दोरीने आवळून. खाली युरियाच्या गोण्या मुरूम भरून रचलेल्या, मांडीएवढ्या उंच. उन्हाने फाटून त्यांतला मुरूम गळत होता. आणि जाळीच्या तलावाकडच्या अंगाला डोंगरावरून वाहून आलेला सगळा कचरा अडकला होता: ओंडके, फांद्या, गवत, कापसाच्या पऱ्हाट्या, प्लास्टिक, एक मेलेल्या जनावराची कवटी. सगळं दाबून, एकमेकांत विणून, वाळून भिंत झालं होतं. खऱ्या भिंतीपेक्षा ही भिंत पक्की निघाली होती. फुटली ती दुसरी.

समजायला मला काही शिकावं लागलं नाही. तलावात मासे सोडले होते. तलाव भरून सांडवा वाहू लागला की मासे पाण्याबरोबर निघून जातात. ते जाऊ नयेत म्हणून जाळी. पाणीही हातभर जास्त राहावं म्हणून गोण्या. एरवी जाळीतून पाणी गेलंच असतं. पण त्या दुपारी डोंगरावरून कचरा आला, जाळी बुजली, जास्तीच्या पाण्याला वाट उरली नाही. ते चढत गेलं, मातीच्या भिंतीवरून पलीकडे पडायला लागलं आणि भिंतीला घेऊन गेलं.

मी ओरडलो. “अक्का! अक्का, इकडे ये! लवकर!”

ती घाबरून काठी टेकत आली. तोपर्यंत मी हसत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी लहान पोरासारखा हसत होतो. मी तिला सगळं दाखवलं. जाळी, गोण्या, बुजलेली वाट. हाताने दाखवलं की पाणी कुठून जायचं, कुठून गेलं. “तुझ्या ओटीनं नाही फुटला, अक्का! बघ! ह्या जाळीनं फुटला! तुझा काही संबंध नाही! काही नाही!”

अक्काने सगळं ऐकून घेतलं. पुढे होऊन एका बल्लीवर हात ठेवला.

“ह्या आपल्या गोठ्याच्या हायती,” ती म्हणाली. “धाकल्यानं मांडवासाठी नेल्या व्हत्या, गनपतीच्या.”

धाकला म्हणजे तिचा दीर. मी म्हणालो, “बघ! म्हणजे त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे तुला…”

“तुला आज कळलं व्हय?” तिने विचारलं.

“काय?”

“की माझ्या ओटीनं न्हाई फुटला. हे तुला आज कळलं?”

मी पुन्हा जाळीकडे बोट दाखवलं.

“मंजी वरीसभर तू फोनवर मनत होतास, ते?”

“तसं नाही अक्का. मला माहीतच होतं. आता फक्त पुरावा…”

“मग येवढा हसलास कामून?”

तिचा आवाज चढला नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याने खरोखर न समजल्यामुळे विचारावं तसं तिने विचारलं. मी अजून हसल्याच्याच चेहऱ्याने उभा होतो. ते हसू कुठे ठेवावं हे कळेना.

“पोरीच्या हळदीला,” अक्का म्हणाली, “मला आतल्या खोलीत बस म्हनलास. गर्दी हाय, तुला दम लागंल. मी बसले. तवा मला वाटलं, खरंच माझ्या दमाची काळजी हाय ह्याला.”

तलाव फुटल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. हळदीच्या सकाळी अक्का नवं लुगडं नेसून, भाचीला हळद लावायची म्हणून पाटाजवळ येऊन उभी राहिली होती. मीच तिला आत नेलं, पंखा लावून दिला, सरबत दिलं. त्या वेळी मी स्वतःला विचारलं असतं, तर मीही दमाचंच सांगितलं असतं आणि ते मला खरंही वाटलं असतं. पारावर कपाळाच्या कुंकवावर भाषण देणारा मी. त्या भाषणातला एक शब्दही मी खोटेपणाने बोललो नव्हतो. आणि तरी तलाव फुटल्याची बातमी फोनवर आली तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार होता: नको करायला हवं होतं. मी समजत होतो की अक्काला बोल लागतील म्हणून तसं वाटलं. सांडव्यातल्या त्या खडकाच्या सावलीत मला कळलं की ते तसं नव्हतं. माझ्या आत कुठेतरी, गावातल्या त्या सरपणवालीच्याच शेजारी, मी बसलो होतो. पोरीच्या पाटाजवळ तो हात नको, असं मला वाटलं होतं. जाळी बघून मी सुटलो म्हणून हसलो होतो.

“अक्का, मला…” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पानी दे.”

ती पाणी प्यायली. बाटली मला परत दिली. आम्ही परत निघालो. येताना ती पुढे होती. परतताना तिने मला पुढे जायला सांगितलं. पूर्ण वाटभर मागून फक्त काठीचा आवाज येत होता. दोनदा मी वळून हात पुढे केला. दोन्ही वेळा तिने काठी दुसरीकडे टेकवली.

गावात शिरताना एक चहाचं हॉटेल लागतं. बाहेर बाकावर पाचसहा जण बसले होते, त्यात तिचा दीरही होता. मला बघून तो उठला. “या पाव्हनं, चहा घ्या. निघालाव का मग? वैनीचं सामान टाकू लागू का गाडीत?”

अक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “सांडव्यावरची जाळी कुनाची?”

बाकावरची माणसं एकदम चहात बघायला लागली. एकाने उगाच फुंकर मारली. दिराचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नाही. दाजींच्या आजारपणात त्याने रात्रंदिवस केलं होतं.

“कुनाची मंजी,” तो म्हणाला. “समद्यायचीच. दरसाल बांधतेत, वैनी. आमी काय नवीन केलं का?”

“आन् माझ्या बल्ल्या?”

“मांडव निघाला, मग तिकडं नेल्या. रिकाम्याच होत्या की.” मग थोडं चिडून, “आन् मासा तुमी बी खाल्लाव ना? कटला दिला होता घरी, तवा बरा लागला.”

“खाल्ला,” अक्का म्हणाली. “लई चांगला होता. म्हनून माझ्या ओटीचं नाव घ्यायचं व्हय रे?”

“आमी कुठं घेतलं? बाया बोलतेत.”

“आन् तुमी ऐकत बसताव.”

दीर माझ्याकडे वळला. “पाव्हनं, तुमी तर शिकलेले हाव. तुमी समजावा की वैनीला. आता झालं-गेलं काढून काय उपेग?”

माझ्याकडे सगळे बघत होते. इथे मी बोलायला हवं होतं. मला बोलता येतं. बोलण्यावरच माझं पोट आहे. मी गाडीच्या किल्लीकडे बघत उभा राहिलो.

“त्याला नका इच्यारू,” अक्का म्हणाली. “तो बी बायांतलाच हाय.”

कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं ती माझी थट्टा करतेय.

घरी आल्यावर मी तिची पेटी उचलायला वाकलो, तर तिने पेटीवर हात ठेवला. “न्हाई येत मी.”

“अक्का, असं नको करू. मी चुकलो. तू म्हणशील तसं…”

“तू चुकलास म्हनून न्हाई.” ती खाली बसली, गुडघे दाबत. “हितं माझ्या तोंडावर बोलतेत. मी बी बोलते. आता तर मला बोलायला हाय काहीतरी. तुझ्या घरी कोन काय बोलनार? तू बोलनार न्हाईस, तुझी बायको बोलनार न्हाई. चांगली मानसं तुमी. मला रोज वाटनार, आत बस म्हनतेत ते पंख्यासाठी, का कशासाठी?” मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो इतका हलका होता, की मी जरा हललो असतो तरी निसटला असता. “जा तू. उजेड हाय तवर जा. फोन करत जा. पन भूगोल नको सांगू.”

मी निघालो. आरशात ती दारात उभी दिसत होती. मग ती आत न जाता दिराच्या अंगणात शिरताना दिसली. त्याची बायको भांडी घासत होती, ती उठून उभी राहिली. पुढे वळण आलं, म्हणून त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही.

नांदेडला पोचलो तेव्हा बायकोने अक्कासाठी मागची खोली आवरून ठेवली होती. पलंगाला नवी चादर होती, खिडकीला पडदा. “का आल्या नाहीत?” तिने विचारलं. मी म्हणालो, “इथे करमणार नाही म्हणाली.” तिला ते लगेच पटलं. किती सहज पटतं माझं बोलणं लोकांना.

मुलगी संक्रांतीला माहेरी आली होती. जेवताना तिनेही विचारलं, “आत्या का नाही आली?” तिला मी तेच उत्तर देणार होतो. पण तिच्या हातावरच्या संक्रांतीच्या मेंदीचा उरलेला रंग दिसला आणि मी ताट बाजूला सरकवलं.

“तुझ्या हळदीला,” मी म्हणालो, “मी तिला आत बसवलं होतं.”

“हो. आत्याला बरं नव्हतं ना?”

“नाही,” मी म्हणालो. “तिला काही झालं नव्हतं.”

मुलीने हातातली भाकरी ताटात ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. बायको पाणी आणायला उठली होती, ती दारातच थांबली. मग मी त्यांना सांगायला सुरुवात केली.